आर्ट्सच्या मुलीला वकील व्हायचंय? आधी पदवी कोणती, ते बघू



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि बाया उठायला लागल्या. एक ताई मात्र सतरंजीवर तशाच बसून राहिल्या. सगळ्या बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "मॅडम, पोरगी बारावीला हाय. आर्ट्स घेतलंय. आता म्हणती वकील व्हायचंय. आर्ट्सवाल्यांना जमतंय व्हय ते?"

मुलीच्या चुलत्यांनी सांगितलं होतं की वकिलीला सायन्स लागतं. शेजारच्या गावातल्या एका माणसाने वेगळंच सांगितलं होतं. म्हणे, बी.ए. आणि एलएल.बी. दोन्ही "बाहेरून" करून देतो, कॉलेजला जायची गरज नाही, आधी ३० हजार भरा. ताईंनी त्याच बैठकीत ३० हजारांची कर्जमागणी मांडली होती. कारण लिहिलं होतं, "मुलीचं शिक्षण". शिक्षणासाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मागणी मंजुरीला आलीच होती.

मी ती मागणी पुढच्या बैठकीपर्यंत थांबवायला सांगितली. ताईंना थोडा राग आला, हे मला दिसलं. पण नंतर आम्ही दोघी तासभर बसलो. तेव्हा जे बोललो तेच आज सगळ्यांसाठी लिहिते आहे, कारण बारावी आर्ट्सच्या मुली आपल्या बऱ्याच गटांच्या घरात आहेत.

पहिल्यांदा दोन गैरसमज काढू

वकिलीला सायन्स लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. उलट कायद्याच्या अभ्यासात संविधान, समाज, इतिहास, भाषा हेच पुन्हा पुन्हा भेटतं, आणि हे सगळं आर्ट्सच्या मुलीच्या दप्तरात आधीच असतं. आपल्या घराघरात ज्यांचा फोटो आहे त्या बाबासाहेबांची १९१२ ची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची होती. बॅरिस्टर ते त्यानंतर दहा-एक वर्षांनी झाले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई ठरल्या. तिथून परत आल्या, तरी बाईला वकिली करायची मोकळीक देणारा कायदा आपल्याकडे १९२३ मध्ये आला. तोवर त्या पडद्यातल्या बायकांच्या जमीनजुमल्याची कामं सल्लागार म्हणून बघत होत्या.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. एलएल.बी. घरबसल्या, पोस्टाने किंवा "बाहेरून" होत नाही. वकिलीच्या शिक्षणाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. त्या नियमांप्रमाणे वर्गात बसावं लागतं आणि साधारण ७० टक्के हजेरी लागते. हजेरीशिवाय पदवी देतो असं कुणी म्हणालं तर तो कागद तुम्हाला सनद मिळवून देणार नाही. सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. ती नसेल तर पदवी भिंतीवर लावायलाच.

बी.ए. मात्र मुक्त विद्यापीठातून केलेलं चालतं. पण इथे एक खाच आहे, ती नीट वाचा, कारण ही गोष्ट तुमच्यापैकीच काहींना लागू होते. बारावी पास होऊन मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं असेल, तर त्यावर एलएल.बी.ला प्रवेश घेता येतो. ज्यांनी दहावी-बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. केलं, त्यांची पदवी इतर ठिकाणी उपयोगी पडेल, पण कायद्याच्या प्रवेशासाठी बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. सतराव्या वर्षी लग्न झालेल्या एका ताईंना हे सांगताना मला फार जड गेलं. त्या म्हणाल्या, मग आता बारावीपासून धरते. वयाची वरची मर्यादा सीईटीला नाही, एवढं तरी मी त्यांना सांगू शकले.

वाटा दोन आहेत

पहिली वाट बारावीनंतर लगेच पाच वर्षांची. कुठे तिला बी.ए. एलएल.बी. म्हणतात, मुंबईकडे बी.एल.एस. एलएल.बी., पुण्याकडे बी.एस.एल. एलएल.बी. असंही नाव ऐकू येतं. नावं बघून गोंधळू नका, वाट तीच. पहिल्या वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी असे आर्ट्सचे विषय आणि पुढे कायदा.

दुसरी वाट आधी तीन वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची एलएल.बी. एकूण सहा वर्षं. नव्या धोरणात पदवी चार वर्षांची केली आहे असं तुम्ही ऐकलं असेल, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि एलएल.बी.ला ती पुरते.

दोन्ही वाटांना राज्याची प्रवेश परीक्षा आहे, एमएच सीईटी लॉ. ती राज्याचा सीईटी कक्ष घेतो. पाच वर्षांच्या वाटेला बारावीत आणि तीन वर्षांच्या वाटेला पदवीत किमान गुण लागतात. खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ४२, एससी-एसटीला ४०. बारावीचा किंवा शेवटच्या वर्षाचा निकाल यायचा असला तरी परीक्षेला बसता येतं.

म्हणजे बघा, बारावीला एखादीला ४१ टक्के पडले, घरात आजारपण होतं, आई ऊसतोडीला गेली होती, काही झालं असेल. पाच वर्षांची वाट बंद झाली. पण तिने बी.ए.ला ५५ टक्के मिळवले तर तीन वर्षांच्या वाटेला पदवीचेच गुण बघतात. दार पुन्हा उघडतं. हे कुणी सांगत नाही म्हणून मुली तिथेच थांबतात.

सीईटी कॉम्प्युटरवर असते. सध्या १२० प्रश्न आणि दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. प्रश्न इंग्रजी आणि मराठीत येतात, फक्त इंग्रजी भाषेचा भाग अर्थातच इंग्रजीत. तीन वर्षांच्या सीईटीत इंग्रजीचे प्रश्न पाच वर्षांच्या सीईटीपेक्षा जास्त असतात. त्यामुळे "आत्ता इंग्रजी कच्चं आहे, बी.ए. करून बघू" असं म्हणणाऱ्या मुलीने बी.ए.च्या तीन वर्षांत इंग्रजीकडे पाठ फिरवली तर पुढे अडचण आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. त्यांची परीक्षा वेगळी, क्लॅट. ती इंग्रजीतच असते आणि चुकलं की गुण कापतात. मुलगी तयार असेल तर जरूर बसवा, पण तीच एक वाट समजू नका.

मग कोणती धरायची?

शहरातले सल्ले देणारे सरळ हिशोब मांडतात: पाच वर्षांच्या वाटेत एक वर्ष वाचतं. आपल्या गावात हिशोब वेगळा आहे, आणि तो मी स्वतःवरून सांगते.

मी बी.ए. केलं ते "नंतर एलएल.बी. करू" असं म्हणत. तिसऱ्या वर्षाला घरी स्थळं यायला लागली. एकीकडे परीक्षा, दुसरीकडे पाहुण्यांसमोर पोहे. सीईटीचा फॉर्म कधी निघाला आणि कधी बंद झाला मला कळलंच नाही. पुढे हट्टाने समाजकार्य शिकले, ते बरंच झालं म्हणते मी, नाहीतर तुमची भेट झाली नसती. पण माझ्या वर्गातल्या ज्या मुली "बी.ए.नंतर बघू" म्हणाल्या होत्या, त्यातल्या एकीनेही वकिली केली नाही. बी.ए. झाली की घरच्यांना शिक्षण संपल्यासारखं वाटतं. बारावीनंतर पाच वर्षांना प्रवेश घेतलेला असला की मधे थांबायला कारण नसतं. माझ्या मते त्या वाटेचा मोठा फायदा हा आहे. वाचणारं वर्ष त्यापुढे काहीच नाही.

आता उलट बाजू. पाच वर्षांची वाट धरली आणि दुसऱ्या वर्षी मुलीला कळलं की हे आपलं नव्हे, किंवा घरची परिस्थिती कोसळली, तर हातात काय? काही विद्यापीठांत तीन वर्षांनंतर बाहेर पडलं तर पदवी मिळते, काही ठिकाणी नाही. प्रवेशाआधी कॉलेजच्या कार्यालयात हे लेखी माहितीपत्रकात दाखवा असं म्हणा. नुसतं "होय होय मिळतं" यावर विसंबू नका. दुसरं म्हणजे अंतर. बी.ए. तालुक्याला होतं, विधी महाविद्यालय बहुतेक जिल्ह्याला असतं. मंगळवेढ्याकडच्या मुलीला रोज सोलापूरला एसटीने जाऊन-येऊन पाच वर्षं काढायची की तिथे खोली घ्यायची, हा घरातला खरा प्रश्न आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते मदतीचं. पण खोली आणि मेस यांना अर्धं तिकीट नाही.

तेव्हा मी ताईंना असं म्हणाले. मुलीचं मन पक्कं असेल, बारावीला गुण बसत असतील, आणि जिल्ह्याला राहायची सोय किंवा वसतिगृह मिळत असेल, तर पाच वर्षांची वाट धरा. मन पक्कं नसेल, किंवा धाकटा भाऊ दहावीला आणि विहिरीचं कर्ज डोक्यावर असेल, तर तालुक्याला बी.ए. करू दे. पण त्याच दिवशी घरात एक गोष्ट ठरवा, सगळ्यांसमोर: तिसऱ्या वर्षाला सीईटीचा फॉर्म भरायचा, स्थळाची बोलणी त्यानंतर. गटात आपण ठराव लिहितो तसा हा ठराव लिहून ठेवला तरी चालेल. हसू नका, एका घरात मी खरंच लिहायला लावलाय.

बी.ए.ला विषय कोणता?

दुसरी वाट धरली तर हा प्रश्न येतोच, आणि इथे मुली उगाच घाबरतात. कायद्याला जायचं म्हणून अमुकच विषय हवा असा नियम नाही. राज्यशास्त्राच्या मुलीला संविधान ओळखीचं वाटेल. अर्थशास्त्राच्या मुलीला बँक, कर, जमिनीचे व्यवहार कळतील. समाजशास्त्राची मुलगी कुटुंबाच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकू शकेल. इतिहास हा विषय लोक फार कमी लेखतात. जुना कागद घेऊन हा कुणी लिहिला, कधी, कशासाठी आणि यात काय लपवलंय, हे विचारायची सवय इतिहासात लागते. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचताना वकिलाला हेच करावं लागतं.

म्हणून दोनच गोष्टी बघा. मुलगी कोणता विषय आपणहून वाचत बसते? त्यात तिला गुण पडतील आणि गुण पुढच्या प्रवेशाला लागतात. आणि समजा एलएल.बी. झालीच नाही, तर नुसत्या या पदवीवर ती काय करू शकेल? स्पर्धा परीक्षा, बी.एड., समाजकार्य, बँकेची परीक्षा, यातलं काहीतरी त्या विषयावर उभं राहिलं पाहिजे.

भाषा मात्र सोडू नका, मराठीही आणि इंग्रजीही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा आपल्याकडे मराठी आहे, उच्च न्यायालयात इंग्रजी चालते. पक्षकाराचं रडगाणं ऐकून त्यातून चार स्वच्छ वाक्यांचा अर्ज लिहिणं हे वकिलाचं रोजचं काम. आपल्या गटाच्या सचिव ताई दोन तासांचं भांडण इतिवृत्तात पाच ओळींत बसवतात ना, तेच कौशल्य. मुलीला गटाचं इतिवृत्त लिहायला बसवा. सराव होईल आणि सचिव ताईंचा हातही मोकळा होईल.

पैशाचं

गटाच्या अंतर्गत कर्जाला आपण शेकडा दोन रुपये महिना व्याज घेतो. म्हणजे वर्षाला २४ टक्के. शेळी घ्यायला, बियाणाला ते परवडतं, कारण चार-सहा महिन्यांत पैसा फिरतो. पाच वर्षांच्या शिक्षणाला हे कर्ज काढू नका. फी भरायची तारीख उद्यावर आली असेल तर महिना-दोन महिन्यांपुरतं घ्या, बस.

त्याआधी हे बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. एससी, एसटी आणि भटक्या-विमुक्तांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचे. तरीही कॉलेज इतर शुल्क म्हणून काय काय घेतं ते आधी विचारा, आणि खोली-मेसचा आकडा वेगळा मांडा. उरलेल्याला बँकेचं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत त्याला तारण मागत नाहीत.

आणि एक खरं सांगते, नंतर म्हणाल मॅडमनी गोडच सांगितलं. एलएल.बी. झाली की लगेच कमाई सुरू होत नाही. सनदेसाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची. तिथे पूर्वी हजारांच्या घरात पैसे लागायचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. मग अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. पहिली काही वर्षं सीनियर वकिलांच्या हाताखाली फाईली उचलण्यात जातात आणि मिळतं फार थोडं. न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे घराने शिक्षणाच्या पुढची दोन-तीन वर्षंही धरून चालायचं.

तरी मी मुलींना या वाटेला का लावते? आपल्या बैठकांमध्ये वाटणीच्या गोष्टी निघतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. पण तलाठी कार्यालयासमोर भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतो आणि बहीण न वाचता अंगठा देते. त्या वेळी शेजारी कायदा जाणणारी, आपल्याच बोलीत बोलणारी एक मुलगी उभी असती तर? एवढंच माझ्या डोक्यात असतं.

आत्ता काय करायचं

फॉर्म भरण्याआधी मुलीला एकदा तालुका न्यायालयात घेऊन जा. कामकाज उघडं असतं, मागे शांत बसून बघता येतं. तिथेच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो याच यंत्रणेतून. १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीने तिथे विधी स्वयंसेवक कसं होता येतं हे विचारावं. चार महिने ते काम केलं की काळा कोट आवडतो की ते काम आवडतं, हे तिचं तिलाच कळेल.

सीईटीची जाहिरात साधारण हिवाळ्यात निघते, परीक्षा उन्हाळ्यात. लक्षात ठेवा, फॉर्म दोनदा भरावा लागतो. सीईटीचा एक. निकालानंतर केंद्रीय प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती देण्याचा दुसरा. सीईटीत चांगले गुण पडूनही दुसरा फॉर्म न भरल्याने घरी बसलेली मुलगी मला माहीत आहे. तिला वाटलं कॉलेजातून फोन येईल.

कागदपत्रांना आजपासून लागा: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. पडताळणीला महिने लागतात, ती सगळ्यात आधी. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव एक आहे का तेही बघून घ्या. आईचं, वडिलांचं नाव, स्पेलिंग, सगळं.

त्या ताईंनी कर्जाची मागणी मागे घेतली आहे. "बाहेरून करून देतो" म्हणणाऱ्या माणसाला मुलीनेच फोन करून विचारलं, तुमच्या एलएल.बी.वर सनद मिळते का? त्याने फोन ठेवला. पाच वर्षं की बी.ए., हे अजून ठरलेलं नाही. मायलेकी येत्या सोमवारी कोर्ट बघायला जाणार आहेत, मीही जाणार आहे. आणखी कुणाच्या मुलीला यायचं असेल तर शनिवारपर्यंत आपल्या ग्रामसंघाच्या लिपिका ताईंकडे नाव द्या. सकाळी साडेनऊच्या एसटीने निघू, डबा आपापला.

— तुमची क्षेत्र समन्वयक